दंवावरची पावलं

(दृश्य: पहाट. नारळांच्या मागे फिकट उजेड. कॅमेरा गवताच्या उंचीवर.)

पावणेसात वाजलेत. दक्षिण गोव्यातलं समुद्रकाठचं गोल्फ मैदान. लाटा अजून दिसत नाहीत, नुसत्या ऐकू येतात. दोन माणसं एका लांब रबरी नळीची दोन टोकं धरून हिरवळीवरून चालली आहेत. नळीत पाणी नाही. पाणी घालायला नव्हे, झाडायला आलेत ती. रात्रभर पडलेलं दंव.

हिवाळ्यात गवत जपायचं म्हटलं की डोळ्यांपुढे येतं बर्फ. गुलमर्गचं मैदान हिवाळ्यात बर्फाखालीच असतं. थंड मुलखात गवतावर हिमकण धरले, की ते वितळेपर्यंत खेळ बंद ठेवतात. कारण गोठलेल्या पात्यावर पाय पडला तर आतल्या पेशी फुटतात, आणि काही वेळानं तिथं पावलाच्या आकाराचा काळपट डाग उमटतो.

गोव्यात पारा उतरून उतरून किती उतरणार? जानेवारीच्या पहाटे साधारण 20 अंश. तेवढ्यावर आपण कानटोपी काढतो, ते सोडा. गवताला ती थंडीच वाटत नाही.

(दृश्य: पात्यांचा क्लोजअप, टोकाला थेंब.)

हे गवत म्हणजे बर्म्युडा. मराठीत हरळी. शेतात जिला खणून काढताना कंबर मोडते आणि चवथीला जिची जुडी गणपतीच्या माथ्यावर चढते, त्या दूर्वेचीच ही संकरित बहीण. जमीन 10 अंशांच्या आसपास थंड झाली की ही झोपी जाते, पिवळी पडते. इथं ती वेळ येत नाही. बारा महिने जागी.

मग हिवाळ्यात तिला जपायचं कशापासून?

पहिलं म्हणजे या दंवापासून. पातं तासन्‌तास ओलं राहिलं, त्यात खत कमी पडलं, की बुरशी धरते. सूर्य वर यायच्या आत वाकून पाहिलं तर गवतावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसतात. ऊन चढलं की धागे नाहीसे होतात आणि उरतात जुन्या चांदीच्या रुपयाएवढे वाळक्या रंगाचे ठिपके. या रोगाचं नावच डॉलर स्पॉट. त्यावर औषधं आहेत, महागही आहेत. पण पहिला उपाय ही नळी. दंव झाडलं की पातं लवकर सुकतं. पाणीही म्हणूनच पहाटे, दंवाच्या वेळेतच देऊन टाकायचं. संध्याकाळी दिलं तर ओलीचे तास वाढतात.

पेडण्याहून आलेला एक माळी म्हणतो, ‘‘आंब्याच्या मोहराचं आणि ह्या गवताचं दुखणं एकच हो. दंव.’’ काल रात्रभर तो गावच्या जत्रेत दशावतार बघत होता. डोळे लाल आहेत, हात मात्र नळीवर बरोबर चालतोय.

(दृश्य: दुपार. उन्हानं पांढरं पडलेलं आकाश.)

आता दुपार. गोव्यातला डिसेंबर दिवसा जुलैपेक्षा गरम असतो, हे बाहेरच्यांना पटत नाही. जुलैत ढगांमुळे पारा तिशीच्या आत राहतो. डिसेंबरात तो 32 अंशांवर जातो, आणि पावसाचा पत्ता नसतो. वर्षभराचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून गेलेला.

माळी हिरवळीच्या कडेला एक पाय दाबतो, उचलतो आणि थांबतो. पाती उठून उभी राहिली तर ठीक. पाऊल तसंच उमटून राहिलं तर गवत तहानलेलं. इथंही निदान पावलावरूनच, फक्त कारण उलटं.

पाणी वाढवावं म्हटलं, तर समुद्र शेजारी. किनाऱ्याच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेब असा: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 मीटर असेल, तर खाली सुमारे 40 मीटर गोडं पाणी. बोअरवेलनं उपसा करून ती पातळी हातभर खाली आणली, की खारं पाणी कितीतरी वर चढतं. मग पात्यांची टोकं करपतात. शेजारच्या वाड्यावरच्या विहिरीही त्याच पाण्यावर असतात, आणि माझ्या मते गोल्फची गोष्ट सांगताना ही विहीर चौकटीबाहेर ठेवू नये. सांडपाणी शुद्ध करून वापरणं किंवा खारं पाणी सोसणारं पॅस्पालम गवत लावणं, हे त्यावरचे मार्ग.

(दृश्य: हिरवळीवर माडाची लांब सावली.)

आणि हे माड. पर्यटकांना फोटोत हवेत, हरळीला नकोत. तिला सावली सोसत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, दिवस सव्वाअकरा तासांचा होतो, आणि 15 मीटरच्या माडाची सावली भर दुपारीसुद्धा 12 मीटर उत्तरेला पडते. जूनमध्ये तीच जवळजवळ बुंध्याशी असते. म्हणून माडाच्या उत्तरेकडची हिरवळ या दिवसांत विरळ होते. तिथं यंत्राचं पातं थोडं वर घेतात. एरवी ग्रीनवरचं, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवरचं, गवत 3 ते 4 मिलिमीटर, म्हणजे उकड्या तांदळाच्या दाण्याएवढंही नाही. अर्धा मिलिमीटर जास्त ठेवलं तरी पात्याला ऊन खायला जागा मिळते.

एवढं करूनही तुकडा मेलाच, तर बी टाकून भागत नाही. ही संकरित जात वांझ. तिला बी धरतच नाही. रोपवाटिकेतून मुळांसकट काड्या आणून हातानं लावायच्या. भाताची लावणीच ती.

नाताळच्या आठवड्यात मात्र सगळं भितं ते बुटांना. चेंडू घालायचा असतो भोकात, म्हणून लोक शेवटी जमतात भोकाभोवतीच. म्हणून 108 मिलिमीटरचं ते भोक रोज सकाळी दुसरीकडे पाडतात आणि काढलेला मातीचा गोळा जुन्या जागी दाबून बसवतात. माळी त्यावर ओंजळभर पाणी शिंपडतो. कालची जागा कुठली, हे उद्या त्यालाही सांगता यायचं नाही.

(दृश्य: 1 जानेवारी. पहाट.)

आज मैदानात कोणी नाही. दंव अखंड पसरलंय, आणि त्यावर पावलांची एकच ओळ. अनवाणी. रात्री कोणीतरी ग्रीन आडवं ओलांडून समुद्राकडे गेलेलं.

माळी ओळीकडे बघतो, हसतो. ‘‘चपला तरी काढल्या,’’ म्हणतो, आणि नळीचं टोक उचलतो.