भूलतज्ज्ञ नाही, म्हणून रेफर

(दृश्य : पर्लकोटा नदीचा पूर, पाण्याखाली गेलेला रस्ता)

छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेला भामरागड तालुका. इथून गडचिरोली जवळपास पावणेदोनशे किलोमीटर, आणि तिथून नागपूर पुन्हा साधारण तितकंच. पर्लकोटेला पूर चढला की हा रस्ताही बंद.

आतल्या कित्येक गावांपर्यंत पावसाळ्यात गाडी जात नाही. मग खाट घेतात, दोरांनी बांबूला टांगतात आणि रुग्णाला तिच्यावर निजवतात. दोघं पुढे, दोघं मागे. चिखलात खांदा बदलायलाही थांबता येत नाही. डांबरी रस्ता लागला की 108ची गाडी भेटते. बातमी होते ती इथवरच्या वाटेची. त्यापुढचं क्वचितच कुणी सांगतं.

अडलेल्या बाईचं सिझर करायला एकटा स्त्रीरोगतज्ज्ञ पुरत नाही. भूल द्यायला भूलतज्ज्ञ लागतो, बाळासाठी बालरोगतज्ज्ञ लागतो, रक्ताची पिशवी हाताशी लागते. यातलं एक जरी नसलं, तरी बाकीचे हजर असून थिएटर बंदच राहतं. मग रेफरची चिठ्ठी. भामरागडहून अहेरी, अहेरीहून गडचिरोली, गडचिरोलीहून नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज. 2021-22च्या सरकारी आकडेवारीत देशभरातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत तज्ज्ञ डॉक्टरांची तूट जवळपास 80 टक्के होती.

(दृश्य : मोठ्या रुग्णालयाचा व्हरांडा, भिंतीला टेकून बसलेले नातेवाईक)

कित्येक ऑपरेशनांचा खर्च महात्मा फुले योजनेत भागतो. हा आधार मोठा आहे. पण सोबत आलेल्या माणसाचं जेवण, बुडालेली भाताची रोवणी, घरी राहिलेली पोरं यांचा हिशेब कोणत्याच योजनेत नाही. बाळंतिणीला घरी सोडायला सरकारी गाडी मिळते. हर्नियाच्या रुग्णाला परतीचं भाडं स्वतःच काढावं लागतं. त्यात बोली माडिया. दुखतंय कुठे, कधीपासून, हे डॉक्टरला सांगायचं कसं? ‘पंधरा दिवसांनी दाखवायला या’ म्हटलं, तरी पुन्हा तेवढी वाट तुडवणं प्रत्येकाला जमत नाही.

हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पात 1973पासून रुग्णसेवा चालू आहे. चातगावजवळच्या ‘सर्च’ संस्थेच्या रुग्णालयात बाहेरून सर्जन आणि भूलतज्ज्ञ येऊन शस्त्रक्रिया शिबिरं घेतात. या शिबिरांनी अनेकांचं वर्षानुवर्षांचं दुखणं संपवलं. पण प्रसूतीच्या कळा शिबिराची तारीख बघून येत नाहीत.

दिवस भरत आलेल्या बाईला आधीच दवाखान्याजवळ ठेवून घेणारी ‘माहेरघर’ योजना म्हणूनच मोलाची वाटते. नदी आडवी येण्याआधी बाई अलीकडे पोचलेली असते. तरी ती पोचते त्या ठिकाणी सिझर होणार नसेल, तर पुढचा प्रवास टळत नाही. एकेक सुटं पद भरून हे सुटणार नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्तसाठा एकाच तालुक्यात, एकाच वेळी हवेत, आणि तेही जूनच्या आत.