बिंदूवर बोट ठेवता येत नाही

१.००११५९६५२१८.

हा आकडा आहे इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय परिबलाचा, म्हणजे हा कण किती जोरदार चुंबक आहे याचा, बोर मॅग्नेटॉन या एककात. प्रयोगशाळेत मोजलं तरी तो येतो, कागदावर गणित मांडलं तरी येतो. दशांशचिन्हापुढचे अकराच्या अकरा आकडे जुळतात. हे गणित क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्सचं, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि प्रकाश एकमेकांशी कसे वागतात ते सांगणाऱ्या सिद्धांताचं. आणि गंमत बघा, हा सिद्धांत म्हणजे नेमकी कोणती गणिती वस्तू, याची काटेकोर व्याख्या आजवर कुणाला जमलेली नाही.

या सिद्धांतात इलेक्ट्रॉन काय आणि प्रकाश काय, दोन्ही अवकाशभर पसरलेली क्षेत्रं. घोडं अडतं एका साध्या प्रश्नापाशी: या बिंदूवर क्षेत्राचं मूल्य किती?

तापमानाच्या नकाशावर जागोजागी आकडा लिहिता येतो. क्वांटम क्षेत्राचं तसं नाही. १९३३ साली नील्स बोर आणि लिऑन रोझेनफेल्ड यांनी दाखवून दिलं, की मोजता येते ती अवकाशकाळाच्या एखाद्या तुकड्यावरची सरासरी. तुकडा जितका लहान, तितके चढउतार मोठे. बिंदूपर्यंत पोचेतो ते हाताबाहेर गेलेले असतात.

त्याच सुमारास पॉल डिरॅक आपलं डेल्टा फलन बिनदिक्कत वापरत होते. एक बिंदू सोडून सगळीकडे शून्य, तरी आलेखाखालचं क्षेत्रफळ एक! नेहमीच्या व्याख्येत असं फलन बसतच नाही. त्याला पक्की जागा मिळाली ती १९४० च्या दशकात, लॉरां श्वार्त्झ यांच्या डिस्ट्रिब्यूशनच्या सिद्धांतात. त्यांनी बिंदूवरचं मूल्य विचारणंच सोडलं. एखाद्या गुळगुळीत फलनाने गुणून संकलन केल्यावर काय हाती येतं, तेवढंच विचारायचं. बोर-रोझेनफेल्ड यांची सरासरीच ही, गणिताच्या वेशात.

मग प्रश्न मिटला? नाही. दोन डिस्ट्रिब्यूशनांची बेरीज खुशाल करा, गुणाकार मात्र सहसा करता येत नाही. आणि इलेक्ट्रॉन प्रकाशाशी कसा वागतो हे लिहायचं, तर एकाच बिंदूवरच्या क्षेत्रांचा गुणाकारच लिहावा लागतो. समीकरणांत अनंत घुसतं ते या फटीतून.

१९४० च्या दशकाअखेर रिनॉर्मलायझेशनची, म्हणजे ही अनंतं इलेक्ट्रॉनच्या मोजलेल्या वस्तुमानात आणि प्रभारात सामावून टाकण्याची रीत बसली आणि उत्तरं बिनचूक येऊ लागली. डिरॅक मात्र अखेरपर्यंत नाराज राहिले. एखादी राशी लहान आहे म्हणून सोडली तर ते गणित. अनंत आहे आणि नकोशी आहे म्हणून कशी सोडायची, असा त्यांचा सवाल. मला तो आजही रास्त वाटतो.

केनेथ विल्सन यांनी १९७० च्या दशकात प्रश्नच फिरवला. बिंदूपर्यंत जायचंच कशाला? ठरावीक अंतरापाशी थांबा, आणि ते अंतर बदललं की सिद्धांत कसा बदलतो ते पाहा. १९८२ चं नोबेल या दृष्टीला मिळालं. भौतिकीचा जीव भांड्यात पडला, गणिताचा नाही.

कारण अंतर खरोखर शून्यावर नेल्यावर काय उरतं, हे सिद्ध करणं बाकीच होतं. ‘फाय-चार’ नावाचं साधं प्रतिमान घ्या: एकच क्षेत्र, स्वतःशीच परस्परक्रिया करणारं. दोन आणि तीन मितींत ते नीट उभं राहतं. चार मितींबद्दलचा निकाल मायकेल आयझेनमन आणि ह्यूगो द्युमिनिल-कोपां यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला: शेवटी उरतं निव्वळ मुक्त क्षेत्र, परस्परक्रिया नाहीशी!

प्रोटॉनला बांधून ठेवणारं यांग-मिल्स क्षेत्र असं विरून जाणार नाही, अशी अपेक्षा आहे. संगणकात अवकाशकाळाची जाळी विणून त्याची गणितं रोज होतात. जाळीशिवायही हे क्षेत्र उभं राहतं आणि त्याच्या कणांचं वस्तुमान शून्याहून जास्तच असतं, हे सिद्ध करणाऱ्याला क्ले गणित संस्थेने २००० साली दहा लाख डॉलर जाहीर केले. ती रक्कम अजून कुणी नेलेली नाही.