पोटातली तस्करी

श्रोतेहो, नमस्कार. मुंबई विमानतळावर प्रवाशाला पकडलं आणि त्याच्या पोटातून कोकेनच्या कॅप्सूल काढल्या, अशी बातमी अधूनमधून येते. ती किलो आणि कोटींवर संपते. मला बोलायचंय ते त्या पोटाबद्दल.

ही कॅप्सूल म्हणजे रबराच्या थरांत घट्ट गुंडाळलेली पुडी. एकेक साधारण 8-10 ग्रॅमची, आणि एका पोटात अशा 50, कधी 100 सुद्धा. एक फुटली तरी जीव जायला पुरते. रक्तदाब भडकतो, अंग तापतं, झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. आतड्याच्या रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या तर आतडंच सडू लागतं. कोकेनला उतारा नाही. ताबडतोब पोट उघडून पुड्या काढाव्या लागतात. हेरॉईनचं उलट. श्वास मंदावतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, पण उतारा म्हणून नॅलोक्सोनचं इंजेक्शन असतं. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न, ‘काय गिळलंय?’ पोलिसांच्या भीतीनं पेशंट नेमकं तेच सांगत नाही. कित्येकांना तर आत काय आहे हे धड माहीतही नसतं!

पुडी न फुटताही घात करते. वैद्यकीय नियतकालिकात अशी पहिली केस 1973 साली कॅनडातून आली: हशीश, म्हणजे चरस, भरलेला कंडोम गिळला, आतडं तुंबलं, ऑपरेशन करावं लागलं. वाटेत शौचाला होऊ नये म्हणून घेतलेल्या गोळ्यांनी आतडं सुस्तावतं, मग असं तुंबणं आणखी सोपं.

तोंडातून पोटात सोडलेल्या दुर्बिणीनं पुडी ओढायला गेलं तर ती तिथेच फुटू शकते. पोट साफ व्हायला पॅराफिन हे तेलकट औषध पाजलं तर तेलानं रबर कमजोर होतं. त्रास नसेल, तर आतडं धुऊन काढणारं द्रावण देऊन पुड्या बाहेर पडायची वाट पाहायची.

पोटात पुड्या आहेत का, हे पाहायला संशयित प्रवाशाचा एक्स-रे काढायचा, तर कस्टम्स कायद्याच्या कलम 103 प्रमाणे दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. प्रवासी स्वतःहून कबूल होऊन तयार झाला तर लागत नाही. मग वॉर्डात खाट, खाटेशी पहारा, आणि प्रत्येक बेडपॅनमधल्या पुड्यांची मोजदाद. पुडीशिवाय दोनदा शौचाला झालं आणि सीटी स्कॅनमध्ये काही दिसलं नाही की डिस्चार्ज, तोही थेट कोठडीत.