गहू मरत नाही, मग तण का मरावं?

मंडळी, पाठीवर पंप घेऊन तुम्ही गव्हातून फवारत जाता, तेव्हा तणनाशक औषध तणावर पडतं तसं गव्हावरही पडतंच. तरी गहू उभा राहतो. का? गव्हाच्या पानात ते औषध फोडून निकामी करायची सोय असते. मक्याचं अ‍ॅट्राझीन या तणनाशकाच्या बाबतीत तेच. मका ते पचवतो, तण पचवू शकत नाही.

आता हीच ताकद तणात आली तर? पंजाब-हरियाणात हे होऊन गेलंय. तिथे गव्हात गुल्ली डंडा नावाचं गवत येतं, शास्त्रीय नाव फॅलारिस मायनर. लहान असताना ते अगदी गव्हासारखं दिसतं. उपटून पाहिलं तर बुडाशी तांबूस झाक असते, आणि पान खोडाला बिलगतं तिथे गव्हासारखे बारीक केसाळ कान नसतात. ऐंशीच्या दशकात त्यावर आयसोप्रोट्युरॉन रामबाण होतं. भातामागे गहू, गव्हामागे भात, आणि गव्हात दरवर्षी तेच औषध. 1990 नंतर दोन-तीन वर्षांतच ते लागू पडेना. काहींनी तर उभा गहू हिरवाच कापून गुरांना घातला. तपासलं तेव्हा कळलं, हे गवत औषध गव्हासारखंच पचवत होतं. मग क्लोडिनाफॉप आलं, सल्फोसल्फ्युरॉन आलं. पुढे त्यांनाही न जुमानणारं गवत निघालं.

औषधाची सवय लागून तण निगरगट्ट होतं, असं पारावर बोलतात. तसं नाही. लाखो रोपांत एखादं आधीपासूनच वेगळं असतं. बाकीची तुम्ही मारता, ते एकटं बी धरतं. पहिली काही वर्षं हे नजरेतही भरत नाही.

आपल्याकडे तण मरलं नाही की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘दवाई डुप्लिकेट शे!’ असेलही, पण आधी शेतात जाऊन बसा. जिवंत तणाचे सरळ पट्टे दिसले, तर नोझल चुकलं किंवा फेरा सुटला. सगळ्याच जातींचं तण अर्धमेलं असेल, तर औषध कमी पडलं किंवा तण फार मोठं झालं होतं. पण बाकी जाती मेल्यात, एकच जात ठिकठिकाणी राहिलीय आणि तिच्यातही मेलेल्या रोपाशेजारी हिरवंगार रोप उभं आहे, तर तण औषध पचवू लागल्याची शंका घ्या.

दुकानात डबा बदलून मागता, त्याने काम होत नाही. नाव नवं, आतलं औषध तेच. इथे खानदेशात तर आणखी एक फसगत आहे. खरिपात कपाशीत गवतासाठी क्विझालोफॉप मारायचं आणि रब्बीत गव्हात क्लोडिनाफॉप. वाटतं, औषध बदललं. पण ही दोन्ही औषधं गवतावर एकाच ठिकाणी घाव घालतात. म्हणून दुकानदाराला कंपनी विचारू नका, घटक विचारा, गट विचारा, म्हणजे ते तणावर कुठे घाव घालतं ते.

गव्हाच्या रानात एखादं वर्ष दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, घ्या आणि कोळपं चालवा. कोळप्याच्या पात्याला पचवणारं तण अजून जन्मलेलं नाही. निंदणीची मजुरी परवडत नाही, हे मलाही कळतं. सगळं रान निंदा असं मी म्हणतच नाही. फवारणीतून वाचलेली तेवढी रोपं दाणे भरायच्या आत उपटा.

आणि गहू काढायला पंजाबकडचं हार्वेस्टर आलं, तर ते आदल्या शेतातलं बी पोटात घेऊन येतं. चाळण्या आणि दाण्याची टाकी बांधाबाहेरच झाडून घ्यायला लावा. ड्रायव्हर कुरकुर करेल, करू द्या.