तीन लेटरहेड, एकच कंत्राटदार

(दृश्य : ठाण्याचा घोडबंदर रोड, सकाळ. सोसायटीच्या गेटातून पाण्याचा टँकर आत वळतोय.)

मे महिना. कासारवडवलीच्या पुढे गेलं की गेटागेटावर टँकर दिसतात. या टँकरची नोंद तीन ठिकाणी होते : वॉचमनच्या वहीत, ड्रायव्हरच्या चलनावर आणि महिनाअखेरच्या बिलात. हे तीन आकडे एकमेकांशी ताडून बघायचं काम कोणाचं? वॉचमन म्हणतो सुपरवायझरचं. सुपरवायझर म्हणतो खजिनदारांचं. खजिनदार म्हणतात, "अहो, बिल तर मॅनेजर चेक करतो ना!"

भ्रष्टाचार म्हटलं की आपल्याला मंत्रालय आठवतं, महापालिका आठवते, आरटीओ आठवतं. जिन्याखालचं सोसायटी ऑफिस काही आठवत नाही. हिशेब करून बघा. दोनशे फ्लॅट, महिन्याला पाच हजार मेंटेनन्स. वर्षाचे झाले एक कोटी वीस लाख. एवढा पैसा सांभाळणारी कमिटी मानद असते. निवृत्त शिक्षक, बँकेतले साहेब, आयटीतली एखादी ताई. बऱ्याचदा "कोणीच उभं राहत नाही म्हणून मला घातलं" असं सांगत पदावर बसलेली ही माणसं. यातली बहुतेक जण प्रामाणिक असतात, आणि कंत्राटदाराला हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

(दृश्य : क्लबहाऊस. टेबलाभोवती दहा-बारा जण, मध्ये फायलींची चळत.)

मानपाड्याच्या एका क्लबहाऊसमध्ये रविवारी सकाळी आसपासच्या सोसायट्यांचे पदाधिकारी जमलेत. प्रशिक्षण म्हणजे एरवी काय असतं, ते आपण पाहिलेलं आहे. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, सहकाराचा इतिहास, उपमा, चहा, प्रमाणपत्र, ग्रुप फोटो. त्याने कोणाचं काही बिघडत नाही, सुधारतही नाही. इथे मात्र अट आहे : येताना आपल्या सोसायटीची एक खरी फाइल आणायची.

पहिली फाइल रंगकामाची. बाहेरून प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, दोन हात रंग.

(दृश्य : तीन कोटेशनं शेजारी शेजारी. कॅमेरा कागदाच्या अगदी जवळ.)

लेटरहेड तीन. एक वागळे इस्टेटचं, एक कळव्याचं, एक तुर्भ्याचं. रकमा वेगवेगळ्या. आता खालच्या अटी वाचा. तिन्ही कागदांवर 'स्कॅफोल्डिंग'चं इंग्रजी स्पेलिंग चुकलंय, आणि चूक एकाच अक्षराची आहे. तिन्हींत सातव्या अटीनंतर एकदम नववी अट येते. आठवी गायब. कळव्याचा माणूस आणि तुर्भ्याचा माणूस एकाच दिवशी, एकाच जागी मोजायला चुकले!

अध्यक्षकाका चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचतात. तीन कोटेशनं घ्यायचा नियम पाळला होता. सगळ्यात कमी रकमेचं निवडलं होतं. मिनिट्समध्ये ठराव आहे, ऑडिटमध्ये शेरा नाही. मग बाकीची दोन कोटेशनं आली कुठून? ज्याला काम मिळालं त्यानेच आणून दिली होती. "साहेब, तुम्ही कशाला उन्हात फिरता? मी आणून देतो," असं तो म्हणाला आणि कमिटीला बरंच वाटलं.

प्रशिक्षक सहकार खात्याच्या पॅनेलवरचे ऑडिटर आहेत, आवाज चढवत नाहीत. ते पुढचं पान उलटतात. मूळ रक्कम कमी, आणि मग 'एक्स्ट्रा आयटम'ची रांग. तडे भरले, पाइप बदलले, परांची वाढवली. प्रत्येक आयटमपुढे स्क्वेअर फूट लिहिलेत. "ही मोजणी कोणी केली?" कंत्राटदाराने. "कमिटीतलं कोणी टेप धरून उभं होतं?" कोणीच नव्हतं. रंगाचे रिकामे ड्रम मोजले का, हेही ते विचारतात. खोली शांत. खरं तर ड्रम मोजायला इंजिनिअर लागत नाही. गच्चीवर जाऊन दहा मिनिटांत होतं ते काम.

आणि मग येतो तो प्रश्न, ज्यावर खुर्च्या करकरतात. काम चालू असताना कमिटीतल्या कोणाच्या घरात फुकट काही झालं का? एखादी बाल्कनी रंगवून दिली, बाथरूमची गळती थांबवली? "तो म्हणाला, काका, माणसं इथेच आहेत, एक हात मारून देतो."

एक हात मारून झाला की त्याच्या बिलावर 'मोजणी दाखवा' असा शेरा मारायला पेन उचलत नाही. चोरी करायची म्हणून कमिटीत येणारे असतात, नाही असं नाही. पण जास्त नुकसान होतं ते अध्यक्षांना मिंधं वाटायला लागल्यावर. बाकीची कमिटी अध्यक्षांकडे बघते, मॅनेजर कमिटीकडे, वॉचमन मॅनेजरकडे. टँकरच्या वहीत एक जादा टँकर लिहायचं धाडस वॉचमनला उगीच होत नाही.

(दृश्य : सोसायटी ऑफिस. भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र, कपाटात फायली.)

कायदा याबाबतीत गुळमुळीत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०चा. कमिटीच्या निर्णयांची जबाबदारी सगळ्या सदस्यांवर सामूहिक आणि वैयक्तिक, दोन्ही पडते. 'मी त्या दिवशी फक्त सही केली' ही सबब चालत नाही. कलम ८३ खाली चौकशी होऊ शकते, कलम ८८ खाली नुकसान वसूल होऊ शकतं. ऑडिटरने दोष काढले तर दोषदुरुस्ती अहवाल द्यावा लागतो. हे सगळं निवडून आल्यावर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी समजावून सांगायला हवं. सहसा ते कळतं ते सहकार खात्याच्या उपनिबंधकांची नोटीस आल्यावर.

शिक्षण हे तर सहकाराच्या पायातच आहे. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने १९९५ साली सात तत्त्वं मांडली, त्यातलं पाचवं शिक्षण-प्रशिक्षणाचं. सहकाराबद्दलच्या ९७व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ साली राज्याच्या कायद्यात कलम २४-अ आलं, तेही सभासद, पदाधिकारी आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाबद्दलच. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमावलीत, त्यासाठी निधीचीही सोय आहे. तो निधी गोळा होतो. खर्च कशावर झाला, हे वार्षिक सभेत विचारणारा सभासद आम्हाला तरी अजून भेटायचा आहे.

(दृश्य : व्हाउचरची फाइल. 'किरकोळ खर्च' या नोंदीवर बोट.)

दुसरी फाइल नाजूक. व्हाउचरवर लिहिलंय, 'किरकोळ खर्च, सरकारी काम'. पावती नाही. एका दाखल्यासाठी कुठल्याशा ऑफिसात पैसे मागितले आणि सोसायटीच्या भल्यासाठी दिले, असं सचिव सांगतात. भल्यासाठीच दिले असतील. पण भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली बदल झाला, तेव्हापासून लाच देणं हाही थेट, स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. नाइलाजाने द्यावी लागली, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवायचं. त्याआधीच, मागणी झाली तेव्हाच, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे गेलात तर सगळ्यात उत्तम. हेल्पलाइन १०६४. ठाण्यात या विभागाचं परिक्षेत्र कार्यालय आहे, नवी मुंबईत युनिट आहे. टेबलाभोवतीच्या तिघांनी तिथल्या तिथे नंबर मोबाइलमध्ये टाकून घेतला.

(दृश्य : नौपाड्यातली पाडकाम चालू असलेली इमारत. मग वाशी-नेरूळच्या सिडकोच्या जुन्या बिल्डिंगा.)

टँकर आणि रंगकाम ही झाली सरावाची गणितं. खरा पेपर पुनर्विकासाचा. नौपाडा, पाचपाखाडी, वाशी, नेरूळ, जिकडे बघाल तिकडे पत्रे लागलेत. कालपर्यंत ट्यूबलाइटच्या बिलावर वाद घालणाऱ्या कमिटीपुढे अचानक शेकडो कोटींचा प्रकल्प येतो. त्यासाठी सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली ४ जुलै २०१९चा शासन निर्णय आहे. सभेचं चित्रीकरण करा, कमिटी सदस्य किंवा त्यांच्या नातेवाइकांना विकासक म्हणून नेमू नका, अशा अटी त्यात आहेत. इतकं बारीक का लिहावं लागलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

नेरूळच्या सचिवताईंनी तीच फाइल आणलीय. प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमून झालाय. प्रशिक्षक कागद चाळतात आणि एवढंच विचारतात, "यांचं नाव पहिल्यांदा कोणी सुचवलं?"

ताई आठवायचा प्रयत्न करतात. मग शेजारच्या खजिनदारांकडे बघतात. नाव बिल्डरच्या माणसाकडून आलं होतं.

"मग ज्याच्यावर लक्ष ठेवायचं, त्यानेच तुम्हाला राखणदार दिला."

करार अजून झालेला नाही. सचिवताई वही उघडतात आणि विचारतात, विशेष सभेच्या नोटिशीत हा विषय कसा लिहायचा? प्रशिक्षक मार्कर घेऊन फळ्याकडे वळतात आणि लिहितात : 'विषय क्रमांक एक. प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराच्या नेमणुकीचा फेरविचार.' खालून कोणीतरी सुचवतं, "शूटिंगवाला आपणच ठरवू हं, ताई."