ठोकळा ते ठोकळा : इंदूर–ग्वाल्हेर

इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ. विमानाच्या चाकाला लावलेला ठोकळा एक कर्मचारी वाकून ओढून काढतो. तिकिटावरचा वेळ इथपासून मोजायचा. तो संपेल ग्वाल्हेरला, चाकाला पुन्हा ठोकळा लागेल तेव्हा.

दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर सुमारे ४६७ किलोमीटर. नकाशावर ग्वाल्हेर इंदूरच्या साडेतीन अंशांहून थोडं जास्त उत्तरेला आहे. एका अंशाचे १११ किलोमीटर धरले, तर उत्तरेकडे ३९७. पूर्वेकडे सरकायचं २४५. या काटकोन त्रिकोणाचा कर्ण म्हणजे आपला हवाई मार्ग. शाळेतलं गणित इथे अगदी चोख लागू पडतं.

आता या रेषेखाली काय येतं ते बघा. शाजापूर येतं, शिवपुरी येतं. म्हणजे आपला एबी रोडच! जुना आग्रा–मुंबई रस्ता इतका सरळ आखलेला आहे की गाडीने गेलं तरी अंतर पाचशेच्या आसपासच भरतं. एरवी रस्ता हवाई अंतराच्या सव्वापट, दीडपटसुद्धा होतो. म्हणून या मार्गावर विमान किलोमीटर फारसे वाचवत नाही. वाचवतं ते तास.

पंख्याचं एटीआर विमान वर गेल्यावर ताशी पाचशेच्या आसपास उडतं. नुसता भागाकार केला तर छप्पन मिनिटं. पण धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरताना वेग कमी करणं हे सगळं धरून सव्वा तास होतो. त्यात इंदूरच्या राजवाड्याजवळच्या घरातून निघून विमानतळ गाठणं, तिथे दीड तास आधी पोचणं, आणि उतरल्यावर महाराजपुऱ्याच्या विमानतळाहून ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात मावशीच्या दारापर्यंत जाणं मिळवा. सव्वाचार तास. गाडीने आठ-नऊ लागतात. मावशी आजारी असेल तेव्हा या चार तासांची किंमत कळते.

इंदूर विमानतळाची बिजासनजवळची जागा होळकर संस्थानाने १९३५ मध्ये निवडली, आणि जुलै १९४८ मध्ये इथून ग्वाल्हेर, दिल्लीला विमान सुरू झालं. होळकरांचं शहर आणि शिंद्यांचं शहर. आज एका विमानतळाला अहिल्याबाईंचं नाव आहे, दुसऱ्याला राजमाता विजयाराजे शिंद्यांचं. इंदूरच्या कितीतरी मराठी घरांची सोयरीक ग्वाल्हेरला आहे. त्यांना ही नावं परकी वाटत नाहीत.

ग्वाल्हेरची धावपट्टी हवाई दलाची. उतरल्यावर फोटो काढायला मनाई आहे, म्हणून आमचा कॅमेराही इथे बंद होतो. मार्च २०२४ मध्ये नवीन टर्मिनल झालं, ऐसपैस आहे. पण पौष-माघातलं चंबळकडचं धुकं तेच आहे. सकाळी धावपट्टी दिसत नाही, मग विमान थांबतं आणि वाचवलेले तास तिथेच जातात. जानेवारीत जाणार असाल, तर दुपारचं विमान मिळतंय का ते आधी बघा.