रेकॉर्डर घ्यायचाय? आधी त्याला शांतता ऐकवा

[कॅमेऱ्यासमोर. हातात छोटा रेकॉर्डर.]

नमस्कार मंडळी! पक्षी, पाऊस, ओढा, रातकिडे असले आवाज टिपायला रेकॉर्डर घ्यायचा म्हटलं, की आपण पहिल्यांदा खोक्यावरचे आकडे वाचायला बसतो. १९२ किलोहर्ट्‌झ, ३२ बिट फ्लोट, वगैरे वगैरे. (पहिला आकडा म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतो ते, दुसरा म्हणजे एकेक नमुना कसा साठवतो ते.) हे आकडे खोटे नसतात, पण निवड करताना त्यांचा उपयोग फार थोडा.

कारण मोठा आवाज कुठलाही रेकॉर्डर बरा टिपतो. ढोल वाजतोय, आगगाडी धडधडत जातेय, तिथे कुणाचीच उणीव उघडी पडत नाही. पंचाईत होते ती बारीक आवाजाला. लांब कुठेतरी एकच पक्षी बोलतोय, तुम्ही गेन, म्हणजे आवाज मोठा करायचं प्रमाण, वाढवत नेताय, आणि पक्ष्याच्या आधी ‘सूऽऽऽ’ असं काहीतरी वर येतं. तो यंत्राचा स्वतःचा आवाज. ही कटकट आजची नाही. पक्ष्याच्या आवाजाचं आपल्याला माहीत असलेलं सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग १८८९ चं. लुडविग कॉख नावाच्या मुलाने पाळीव शामा पक्ष्याचं गाणं मेणाच्या नळकांड्यावर घेतलं होतं. त्यातही यंत्राची खरखर भरपूर आहे.

[क्लोज-अप: रेकॉर्डरचे माइक आणि खालचे इनपुट]

ही ‘सूं’ मुख्यतः दोन ठिकाणांहून येते. एक म्हणजे माइकची कॅप्सूल, म्हणजे त्यातला आवाज पकडणारा भाग, दुसरा म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा प्रीअ‍ॅम्प. प्रीअ‍ॅम्पसाठी माहितीपत्रकात ‘ईआयएन’ नावाचा आकडा शोधा, म्हणजे त्याचा स्वतःचा गोंगाट किती ते. तो डीबीयूमध्ये (विद्युत सिग्नलची पातळी मोजायचं एकक) असतो आणि उणे असतो. जितका जास्त उणे, तितका प्रीअ‍ॅम्प शांत. उणे १२५ च्या पलीकडे असेल तर प्रीअ‍ॅम्पची चिंता सोडून द्या. याला खालची हद्दही आहे बरं का. खोलीच्या तापमानाला १५० ओहमचा नुसता रेझिस्टरसुद्धा उणे १३१ डीबीयूच्या आसपास गोंगाट करतो, कारण त्यातले इलेक्ट्रॉन उष्णतेने हलतच असतात. तेव्हा कुणी उणे १४० सांगायला लागलं, तर कशावर आणि कसं मोजलं ते आधी विचारा.

आता मेख ऐका. हा आकडा आहे बाहेरून जोडलेल्या माइकच्या इनपुटचा. तुम्ही रेकॉर्डरवरचेच माइक वापरणार असाल, तर तुमची ‘सूं’ ठरवणार त्या चिमुकल्या कॅप्सूल. आणि त्यांचा आकडा कंपन्या बहुतेकदा छापतच नाहीत! म्हणून तो आपणच काढायचा. सोपं आहे.

[टेबलावर टिकटिकणारं घड्याळ, एक मीटरवर घडी घातलेल्या चादरीवर रेकॉर्डर]

रात्री, पंखा आणि फ्रीज बंद करून, हे असं मांडायचं. फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर त्याची टर्रटर्र रेकॉर्डिंगमध्ये शिरते. रेकॉर्डरचा ऑटो गेन बंद, लो-कट (खालचे घुमणारे आवाज कापणारी गाळणी) बंद. गेन पुरेसा वर नेऊन दोन मिनिटं रेकॉर्ड करा. मग दुसरा रेकॉर्डर तंतोतंत त्याच जागी ठेवून पुन्हा तेच.

पण या दोन फाइली तशाच ऐकून निकाल देऊ नका. एकाच्या नॉबवरचा ८ आणि दुसऱ्याच्या नॉबवरचा ८ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. आधी कॉम्प्युटरवर दोन्हींमधली टिकटिक सारख्या पातळीला आणा, आणि मग दोन टिकांच्या मधली जागा ऐका. एकात ती जागा बऱ्यापैकी मोकळी असेल, दुसऱ्यात भरलेली. जमलं तर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्रामही बघा, म्हणजे कुठल्या वेळी कुठले सूर आहेत ते दाखवणारं चित्र. ‘सूं’ सगळीकडे पसरलेली दिसते, तिचं एवढं काही नाही. पण त्यात एखादी सरळ आडवी रेघ अखंड दिसली, तर ती सर्किटची किंवा यूएसबी चार्जरची शिट्टी. पॉवर बँक काढून सेलवर चालवून बघा. तरीही रेघ राहिली तर तो रेकॉर्डर मी घेणार नाही. एकसारखी ‘सूं’ कान थोड्या वेळाने सोडून देतो, शिट्टी सोडत नाही.

मग ३२ बिट फ्लोटचं काय? सोय म्हणून झकास. अशा रेकॉर्डरमध्ये सहसा कमी आणि जास्त गेनचे, आवाजाचे आकडे करणारे दोन कन्व्हर्टर एकाच वेळी चालतात, त्यामुळे लेव्हल चुकली तरी अचानकचा गडगडाट फाटत नाही. पण आवाज कॅप्सूलवरच फाटला तर पुढचे बिट काय करणार? आणि बारीक आवाज नंतर वाढवाल तेव्हा ‘सूं’ही तितकीच वाढेल. २४ बिटवर सगळ्यात मोठा आवाज मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास ठेवायची सवय असेल, तर ३२ बिट नाही म्हणून काही अडत नाही.

९६ किंवा १९२ किलोहर्ट्‌झ वटवाघळांच्या फार उंच आवाजांसाठी, किंवा आवाज पुढे संथ करून वापरायचा असेल तर कामाचे. तेही माइक तेवढ्या वरचं ऐकत असेल तरच. एरवी ४८ पुरे.

वाऱ्याबद्दल एवढंच, की स्पंजच्या टोपीवर भागत नाही. फरचं कव्हर लागतंच, ते पहिल्याच दिवशी घ्या.

[क्लोज-अप: अंगठा रेकॉर्डच्या बटणावर]

बटणं मात्र हातात घेऊनच तपासा. रेकॉर्ड चालू असताना रेकॉर्डर एका हातातून दुसऱ्या हातात घ्या, गेन फिरवा आणि हेडफोनवर ऐका. करकर, टकटक जेवढी येईल तेवढी प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये येणार. प्री-रेकॉर्डची सोय असेल तर तिला मी मोठं वजन देतो. बटण दाबण्याआधीचे दोन सेकंद त्यात सापडतात, आणि पक्षी काही तुम्हाला विचारून बोलत नाही.

शेवटची परीक्षा रात्रभर रेकॉर्डर सोडून येणाऱ्यांसाठी. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, स्टिरिओ म्हणजे तासाला साधारण १ जीबी. साध्या वेव्ह फाइलची मर्यादा ४ जीबी, त्यामुळे चारेक तासांनी, काही यंत्रांत त्याआधीच, रेकॉर्डर नवी फाइल सुरू करतो. त्या सांध्यावर काही गळतं का ते बघा. स्पीकरवर एकच सूर लावून ठेवा, फाइल तुटेपर्यंत रेकॉर्ड करा आणि दोन्ही तुकडे टोकाला टोक जोडून ऐका. सूर सलग राहिला तर ठीक. ‘टक्’ वाजलं किंवा मधे खड्डा पडला, तर तो रेकॉर्डर हातात धरून पाच-दहा मिनिटांची रेकॉर्डिंग करायला खुशाल वापरा, झाडाला बांधून येऊ नका.